पेत्राच्या सासूचं मीठ

पेत्राला सासू होती हे मला तेराव्या वर्षी कळलं, आणि त्यानंतर दोन-तीन महिने उपासनेत माझं लक्ष लागलं नाही.

त्याआधी लागत होतं असं नाही. त्याआधी मी पाळकसाहेबांचा आवाज पाठ करत बसायचे. उपदेश करताना दर दोन वाक्यांनी ते "बरं का" म्हणायचे आणि नाक वर ओढायचे. ते नाक ओढणं मला इतकं जमायचं, की एकदा देवळाच्या मागे पोरींना करून दाखवत होते तर खुद्द त्यांची बायको घरातून ओरडली, "अहो, चहा निवतोय, या की!" नकला हा माझा जुना आजार. शाळेतले हेडमास्तर, येष्टीचा कंडक्टर, दारावर येणारी कोळीण, कुणी सुटलं नाही. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा मी दोन-अडीच वर्षांची होते. आई सांगते, तेव्हा भाषण करायला आलेल्या पुढाऱ्यासारखी मी दोन्ही हात वर करून बोबडं बोलत अंगणभर फिरले होते. हे खोटं असणार. पण हे खूळ माझ्यात आलं कुठून, हा प्रश्न आमच्या घरात अधूनमधून निघायचा, आणि आई बाबांकडे आणि बाबा आईकडे बोट दाखवायचे.

आम्ही अलिबागेला राहायचो. आमच्या ख्रिस्ती लोकांची मिळून बारा-पंधरा घरं आणि एक कौलारू देऊळ. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. तिथे रविवारच्या शाळेत पाळकसाहेबांनी तो धडा वाचला. येशू त्याचा शिष्य पेत्र याच्या घरी जातो. पेत्राची सासू तापाने पडलेली असते. येशू तिचा हात धरतो, ताप जातो, ती उठते आणि सगळ्यांना वाढायला लागते. संपलं. एवढंच. पाळकसाहेब पुढच्या गोष्टीकडे वळले आणि मी हात वर केला.

"पाळकसाहेब, सासू पेत्राच्या घरी काय करत होती?"

"तापाने आजारी होती, बरं का."

"ते कळलं. पण ती राहायला होती की भेटायला आली होती?"

पोरं हसली. मला वाटलं पाळकसाहेब रागावतील. पण ते चष्मा काढून पुस्तकात बघायला लागले, जसं काही तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं असेल.

"तसं काही दिलेलं नाही."

"मग तिचं जेवण? ती कुणाचं जेवत होती?"

"बस खाली," बायबलबाई म्हणाली. ही बाई घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायची आणि रविवारी आमच्यावर लक्ष ठेवायची. "येशूने एवढा चमत्कार केला आणि हिला जेवणाची पडलीय."

पण मला खरंच त्याचीच पडली होती. कारण आमच्या घरीसुद्धा एक सासू होती, म्हणजे नव्हती, आणि तोच सगळा घोळ होता.

आईची आई चौलला राहायची. आजोबा गेलेले, आई एकुलती एक. एका सुपारीच्या वाडीच्या कडेला तिचं दोन खणांचं घर होतं, आणि त्याच वाडीत ती सुपाऱ्या सोलायला जायची. महिन्यातून एका शनिवारी ती सकाळच्या गाडीने आमच्याकडे यायची. येताना तिच्याकडे फडक्यात बांधलेले तांदूळ असायचे. तिचे स्वतःचे. आमच्या चुलीवर तिच्या लहान टोपात ती तेवढाच भात शिजवायची आणि तेवढाच खायची. बरोबर चौलहून आणलेला सुका जवळा. आणि मीठ. हो, मीठसुद्धा ती कागदाच्या पुडीत बांधून आणायची. एकदा मी गुपचूप तिच्या भातात आमचं मीठ टाकलं, तर पहिल्या घासाला तिने माझ्याकडे असं बघितलं की मी अंगणात पळाले.

चार वाजले की चौलची गाडी. आमच्या घरात तिने एक रात्र काढल्याचं मला आठवत नाही.

"लेकीच्या घरचं खायचं नाय," ती सांगायची. "नातवंडं झाली की खातात म्हणे. पन आमच्याकडे नाय. आणि ऱ्हायचं तर नायच नाय. जावयाच्या दारात आडवी पडू मी? लोक काय म्हणतील?"

गंमत म्हणजे आजी जन्माचीच ख्रिस्ती. तिचा बाप्तिस्मा झालेला, तिच्या आईचा झालेला. पाळकसाहेबांनी तिला एकदा समजावून सांगितलं होतं की बाई, असला नियम शास्त्रात कुठे नाही.

"शास्त्रात नसंल," आजी म्हणाली. "चौलात हाय ना."

बाबांचा तर प्रश्नच नव्हता. ते रेवस ते मुंबई जाणाऱ्या लाँचवर सारंग होते, सुकाणू त्यांच्या हातात. सोमवारी पहाटे जायचे, शनिवारी संध्याकाळी यायचे, तेव्हा आजीची आणि त्यांची गाठ वर्षातून चार-सहा वेळाच पडायची, सणावाराला, रविवारी. आणि तेव्हाही ते दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत. भांडण नव्हतं. पद्धत होती. सासूने जावयाशी तोंड वर करून बोलायचं नाही आणि जावयाने सासूला उलट विचारायचं नाही. मग मध्ये मी. दोघं हाताच्या अंतरावर बसलेले आणि आजी मला सांगायची, "जावयांना विचार, चहा घेणार का." मी वळून आजीच्या आवाजात, मान तिच्यासारखी वाकडी करून, विचारायची. बाबा मला सांगायचे, "मामींना सांग, घेईन." आणि मी बाबांसारखं घसा खाकरून, लाँचच्या भोंग्यासारख्या आवाजात आजीला ते पोचवायची. आजी पदर तोंडावर धरायची. ती हसत होती की लाजत होती हे मला कधी कळलं नाही.

त्याच वर्षी पावसाळा संपता संपता आजी विहिरीच्या पायरीवरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं.

निरोप येष्टीच्या कंडक्टरने आणला. आई त्याच गाडीने गेली. पाच दिवस राहिली, परत आली, दोन दिवसांनी पुन्हा गेली. घरी मी आणि माझा पाच वर्षांचा भाऊ. मी भात करपवायची आणि तो रडायचा. आई आली की आमच्याकडे बघून रडायची, आणि तिकडे गेली की तिकडचं बघून. एका हाताने आजी पाणी कसं काढणार, चूल कशी फुंकणार, वेणी कोण घालणार? शेजारच्या बायका किती दिवस करतील?

"इकडे घेऊन ये," बाबा शनिवारी म्हणाले.

"येत नाही ना ती!" आई म्हणाली. "हात मोडला तरी येत नाही. उद्या मान मोडली तर येईल का, देव जाणे."

"मी नको म्हटलंय का कधी?"

"नाही म्हटलं. पण या असंही कधी म्हटलं नाहीत."

"म्हटलं की. तीनदा म्हटलं."

"हिच्याकडून," आईने माझ्याकडे बोट केलं. "हिच्या तोंडून म्हटलंत. तुमच्या आवाजात नाक वाजवून सांगते ती, आई त्याला काय खरं मानणार?"

मी नाक वाजवत नव्हते, घसा खाकरत होते. पण ती वेळ ते सांगायची नव्हती.

तर अशा वेळी मला शास्त्रात पेत्राची सासू सापडली. जावयाच्या घरात, चक्क अंथरुणावर. आणि येशू ख्रिस्त घरी आला तरी कुणी त्याला सांगत नाही की ही इथे कशी. मला वाटलं, ती तिथे कशी राहिली एवढं कळलं तर आमचं काम झालं. मी विचारत सुटले.

बायबलबाई म्हणाली, पेत्राची बायको मेली असेल आणि म्हातारी नातवंडं सांभाळत असेल. पाळकसाहेब म्हणाले, यहुदी लोकांत सगळे एकत्र राहत असतील, बरं का, पण नक्की सांगता येत नाही. मग मी विचारलं, पेत्र जाळी टाकून येशूच्या मागे निघून गेला तेव्हा बायकोला आणि सासूला काय सांगून गेला? ते म्हणाले, तेही दिलेलं नाही. मी म्हटलं, सासूचं नाव तरी दिलंय का? त्यांनी पुन्हा पुस्तकात बघितलं. नव्हतं. पूर्वजांच्या नावांची पानंच्या पानं आहेत शास्त्रात, अमक्याला तमका झाला, आणि जिने येशूला जेवायला वाढलं तिला नाव नाही!  पाळकसाहेबांनी खिशातून वही काढून काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं माझं नाव लिहिलं, आता बाबांना सांगणार.

सगळ्यात बरं उत्तर दिलं आमच्या दारावर येणाऱ्या कोळणीने. मी तिला बोंबील निवडता निवडता सगळी गोष्ट सांगितली. तिला त्यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना.

"तुमचा त्यो पेत्र कोलीच ना?"

"हो. जाळी होती, होडी होती."

"मंग झालं! घो दर्यावर, पोर घरान एकली. आई आली रावायला. मासली सुकवायची कोनी, तुज्या पाद्र्यानी?"

"म्हणजे सासूला त्यांनी ठेवून घेतलं नव्हतं?"

"कोन कोनाला ठेवतो गो! म्हातारी हाय म्हनून घर हाय. आनि हात काढ, बोंबलाचा चिखल करशील."

हे मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "बाबाही दर्यावरच असतात." मी आजीलाही सांगितलं, चौलला गेले तेव्हा. आजी म्हणाली, "त्ये कोळी. आपण कोळी हाय का?" संपला विषय.

मग आला कापणीचा सण. भाताची कापणी झाली की आम्ही देवळात नवं धान्य, केळीचे घड, नारळ घेऊन जातो, उपासना होते, आणि मग अंगणात पोरांचे कार्यक्रम. त्या वर्षी बायबलबाईने ठरवलं, शास्त्रातली कुटुंबं दाखवायची. एकेक प्रवेश. पोरींची भांडणं सुरू झाली. कुणाला मरिया व्हायचं होतं, कुणाला रूथ. मार्थेलासुद्धा गिऱ्हाईक मिळालं, कारण तिला रागावून बोलायचं असतं. उरली पेत्राची सासू. आडवं पडायचं, हात पुढे करायचा, उठायचं. एक शब्द नाही.

"मी होते," मी म्हटलं.

बायबलबाईला तिथेच संशय यायला हवा होता. पण तिला वाटलं, हिला मुकं पात्र दिलं म्हणजे एक काळजी मिटली.

सणाला आजी आली. सकाळच्या गाडीने, हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातात तांदळाचं गाठोडं. रविवार होता, म्हणून बाबाही घरी होते. अंगणात एका बाजूला बाप्ये, एका बाजूला बायका. आमचा प्रवेश आला. मी चटईवर पडले, अंगावर घोंगडी. पेत्र झालेला मुलगा हातात खरंच जाळं घेऊन उभा. येशू झालेल्या मोठ्या पोराला अजून आत यायला वेळ होता, कारण त्याची दाढी सुटत होती. आणि मला राहवेना.

"अगो," मी घोंगडीतून कण्हले. आजीचा आवाज. "अगो, माज्या चारच्या गाडीचं काय झालं?"

बायकांत खसखस पिकली.

"माजे तांदूळ कुटं ठेवलेत? पेत्राच्या तांदळात मिसळू नका हो! मिठाची पुडी उशाला द्या माज्या. आणि जावयांना सांगा, मी इथं आडवी पडल्येय, पन ह्ये ऱ्हाणं नव्हं, ह्यो ताप हाय!"

सगळं अंगण फुटलं. बाप्ये मांड्या थोपटत होते. आमच्या बारा-पंधरा घरांत कुणाला माहीत नव्हतं मी कुणाची नक्कल करते ते? मी घोंगडीच्या फटीतून बघितलं. आईने तोंडावर हात ठेवला होता आणि ती हसत नव्हती. बाबा जमिनीकडे बघत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं. ज्या एका गोष्टीसाठी आई महिनाभर जिवाचं रान करत होती, ती मी दोन मिनिटांत बुडवली होती. आता आजी गावासमोर हसं झाल्यावर आमच्या दारात पाऊल ठेवणार नव्हती. दिवसासुद्धा.

येशू आला. घाईघाईने माझा हात धरला. मी ताडकन उडी मारून उठले आणि ताट घेऊन धावले, लवकर संपावं म्हणून.

"थांब."

आजी बायकांतून उभी राहिली होती.

हसणं एकदम बंद. ती चालत पुढे आली. मला वाटलं, थोबाडीत बसणार. तिने माझ्या हातातलं ताट काढून पेत्राकडे दिलं.

"ताप उतरलेली बाय अशी उडी मारून उठते व्हय गो? तू काय बकरू हायस?"

आणि ती मोडक्या हातासकट चटईवर बसली. मग आडवी झाली. घोंगडी ओढून घेतली. तिने डोळे मिटले आणि तिचा चेहरा बदलला. म्हणजे मी काय सांगू, गालच आत गेले. मग डोळे उघडले. उघडले आणि लगेच बाजूला गेले, कोपऱ्यात, जिथे आम्ही खोटी चूल मांडली होती तिथे. मग हात पदर शोधायला लागला. पदर डोक्यावर आला. मग कोपर टेकलं. मग एका बाजूला होऊन, दात दाबून, ती अर्धी उठली, थांबली, श्वास घेतला, आणि चेहरा एकदम नीट केला. अगदी नीट, जसं काही झालंच नाही. मग उभी राहिली.

मी आतापर्यंत पुष्कळ नकला केल्या. तशी एकही नाही. आणि माझ्यात हे कुठून आलं, ते आमच्या घरातल्या सगळ्यांना एकदम कळलं.

"अशी उठते," आजी म्हणाली. "ताप गेला का नाय, ह्ये तिचं तिला नंतर कळतं. आधी चूल बघते. जावयाच्या घरात आजारी पडलीय ती. ओझं नाय मी, ह्ये दाखवायला उठते."

पाळकसाहेब पुढच्या बाकावर होते. कित्येक वर्षं त्यांनी हा धडा वाचला असेल. त्यांनी नाकसुद्धा ओढलं नाही.

मला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त उत्सुकता होती. मी विचारलं, "म्हणजे तिला उठायचं नव्हतं?"

"उठायचं व्हतं की. बाय उठतेच." आजी चटई गुंडाळायला लागली, एका हाताने. "पन कुणीतरी म्हणायला हवं व्हतं, नाय उठलीस तरी चालंल."

दुपारी घरी आजीने तिचे तांदूळ धुवायला घेतले. आई डोळे पुसत कांदा चिरत होती, म्हणजे कांद्यावर ढकलता येईल. बाबा ओटीवर बसले होते ते उठून आत आले. चुलीच्या खोलीत बाबा कधी येत नसत. दारात उभे राहिले, घसा खाकरला. मी लगेच सावध झाले, निरोप घ्यायला.

"मामी," बाबा म्हणाले. माझ्याकडे न बघता. "तुम्ही नाही उठलात तरी चालेल."

आजीचा हात टोपात थांबला. तिने मान वर केली नाही. मला म्हणाली, "जावयांना सांग, चौलची गाडी चारला हाय."

मी वळले, मान वाकडी केली, तोंड उघडलं.

"मला ऐकू येतं," बाबा म्हणाले. "गाडी उद्यापण आहे."

आजी बराच वेळ तांदूळ धूत राहिली. एवढे धुतले की त्यात काही उरलं नसेल. मग ती उठली आणि मागच्या दाराने पडवीत गेली. तिथे आमची लाकडं आणि बाबांचे जुने दोरखंड असायचे. तिने कोपरे बघितले, कौलं बघितली, पायाने जमीन ठोकली.

"इथं कोण ऱ्हातं?"

"कुणी नाही," आई म्हणाली. "लाकडं."

"हं." आजीने दाराची कडी हलवून बघितली. "चूल येगळी असली म्हंजे घर येगळं. ह्ये मातर खरं हाय. ह्ये कुणी नाय म्हणणार नाय."

आणि चारच्या गाडीने चौलला निघून गेली.

पुढच्या शनिवारी आई आणि मी तिला आणायला गेलो. कपड्यांचं एक बोचकं, टोप, मिठाची बरणी, आणि एक गोणी. गोणी मी उचलली तर खांदा निखळायची वेळ आली. आत तिच्या चुलीचे तीन दगड होते, धुराने काळेकुट्ट. अलिबागेत दगड मिळत नाहीत असं नाही. पण हे तिच्या लग्नापासूनचे. सासरी आली तेव्हा ह्याच तीन दगडांवर तिने पहिला भात केला होता, आणि तिच्या मते घर म्हणजे हेच, बाकीच्या भिंती वाडीवाल्याच्या.

गाडीत कंडक्टरने गोणीला लाथ मारली आणि पाय धरून बसला.

"आजी, काय भरलंय हे?"

"घर," आजी म्हणाली.

"घराला लगेज पडतं."

"मंग पाड. पन लाथ मारू नको."

तर अशी आजी आमच्या पडवीत राहायला आली, आमच्याकडे नाही. हा फरक तिने गावात घरोघर जाऊन समजावून सांगितला. तिची चूल पेटायची, आमची पेटायची. आमच्यात भिंत एक, दार एक. हात बांधलेला होता तोवर आई तिची चूल फुंकून द्यायची, पण भात तिचाच, मीठ तिचंच. एकदा आमचे निखारे विझले तर आई तिच्याकडे मागायला गेली, आणि आजीने ते शेजारणीला द्यावेत तसे करवंटीत घालून दिले. मला हा खेळ फार आवडायचा. मी मुद्दाम पुढच्या दाराने बाहेर पडून, घराला वळसा घालून, मागून पडवीत जायची आणि विचारायची, "कुणी आहे का घरात?" आजी म्हणायची, "या, बसा. अलिबागेहून आलात?"

मग हळूहळू काय झालं ते नीट कुणी सांगू शकणार नाही. आधी भाऊ तिकडे जेवायला लागला, कारण तिथला जवळा तिखट नसायचा. मग मी, कारण तो जेवतो तर मी का नाही. मग आईने धुण्याच्या दिवशी आमची चूल पेटवली नाही. हात बरा झाला तशी आजी मोठा टोप घेऊन बसली. एका शनिवारी बाबा मुंबईहून आले, आत गेले, आमची चूल बघितली. थंड. राखसुद्धा कालची. मागे पडवीत सगळं घर बसलेलं आणि कालवणाचा वास.

बाबांनी पाटावर बसायच्या आधी माझ्याकडे बघितलं. "मामींना विचार, ही चूल कुणाची?"

त्यांना आता माझी गरज नव्हती. मुद्दाम विचारत होते.

आजीनेही माझ्याकडेच बघितलं. "जावयांना सांग, चूल माजी. आणि माज्या चुलीवर जेवणार असतील तर आजपासून त्ये घरजावई."

आई एवढी हसली की तिला ठसका लागला. बाबा जेवले. दोनदा भात घेतला. घरजावयासारखे.

मी दुसऱ्याच दिवशी पाळकसाहेबांना गाठलं. म्हटलं, शास्त्रात लिहिलंय पेत्राचं घर, पण चूल कुणाची ते लिहिलंय का? पेत्रच सासूकडे राहत नसेल कशावरून? ते हसले नाहीत. वही काढली आणि ते लिहून घेतलं. तेव्हा मला दिसलं, त्या पानावर वर माझे आधीचे प्रश्नही होते. एकाखाली एक. एकापुढेही उत्तर नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात, लाँच बंद होती आणि बाबा घरी होते तेव्हा, आजीला ताप आला. साधाच, हिवाचा. आई आणि भाऊ दळण आणायला गेले होते. सकाळची वेळ. बाबांनी तिच्या तीन दगडांवर पेज ठेवली. सारंगाला पेज काय येणार, ढवळत होते सुकाणूसारखी. मी दारात उभी होते. बाबा वाडगा घेऊन आले तसे आजीचे डोळे उघडले, आणि लगेच कोपऱ्यात गेले. चुलीकडे. हात पदर शोधायला लागला. पदर डोक्यावर आला. कोपर टेकलं. मला पुढचं पाठ होतं, दात दाबणं, थांबणं, चेहरा नीट करणं.

बाबांनी वाडगा तिच्या उशाशी ठेवला आणि ते खाली बसले.

आजीने त्यांच्याकडे बघितलं. मग कोपर काढलं, पुन्हा आडवी झाली, आणि हात घोंगडीत घेतला.

"पेजेत मीठ कुणाचं?" तिने विचारलं. थेट बाबांना.

"घाईत आमचंच पडलं."

आजीने एक घोट घेतला. तोंडात घोळवला.

"कमी हाय," ती म्हणाली, आणि सगळी पेज प्यायली.